कावळ्याचे दात

९ जून, रविवार

निकाल लागल्यापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. हिमानीचे गुण असे आले आहेत की रडावं तर लोक म्हणतील, एवढे मिळून रडता. पेढे वाटावे तर विचारतील, कशाचे? सरकारी एमबीबीएसच्या उंबरठ्याला तिच्या पायाचा अंगठा लागतो, पाऊल आत पडत नाही. आणि हे दुसऱ्या खेपेला, वर्षभर घरी बसून. भर मे महिन्यात नागपुरात जन्मलेल्या मुलीचं नाव हिमानी ठेवण्याइतका आशावादी मी एकेकाळी होतो. आता कूलरपुढे बसून गेल्या वर्षीचे कट-ऑफ वाचतो.

दुपारी सावनेरहून दुर्गेश आला. देवकीचा धाकटा भाऊ, कापसाचा व्यापारी. बोलतो तेही गाठी बांधून ठेवल्यासारखं.

"भाऊजी, डेंटलचा तर विचारच नका करू. दात काढणारा डॉक्टर असते का? आमच्याकडे त्याले दातवाला म्हणते लोक. पोरीले एमबीबीएस करू द्या, प्रायवेटमधून. मी आहो ना."

हिमानी पाणी घेऊन आली होती. म्हणाली, "मामा, तुमची ती दाढ कोणी काढली?"

"दातवाल्यानं."

"मग एमबीबीएसवाल्याकडे काहून नाही गेले?"

दुर्गेश मांडीवर थाप मारून हसला. "पोट्टी वकील व्हाले पायजे होती!" मीही हसलो. डेंटलचा विषय तिथे संपला.

जेवताना वांग्याच्या भाजीने तोंड पेटलं. देवकीचा हात अलीकडे फार तिखट झाला आहे. सांगितलं तर म्हणते, तिखट तेच, चमचाही तोच. दुर्गेशने दोनदा मागून घेतली, पण सावनेरच्या माणसाला मुळात जीभ नसते, तेव्हा ती साक्ष ग्राह्य नाही. मी दहीभात खाऊन उठलो.

१८ जुलै, गुरुवार

प्रवेशाची माहितीपुस्तिका आली. मी वार्ताहर असल्यामुळे शिक्षणखात्याची परिपत्रकं वाचण्याची सवय आहे, आणि त्याआधी संस्कृत शिकलो असल्यामुळे न समजणारं वाचण्याचीही आहे. तरी वीट आला.

जुन्या शास्त्रकारांची एक चांगली रीत होती. ग्रंथाच्या आरंभीच सांगून टाकत, हे शिकायला अधिकारी कोण. बहुधा उत्तर असे: ज्याला जाणून घ्यायची इच्छा आहे तो. या पुस्तिकेत इच्छा सोडून बाकी सर्व मागितलं आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं, त्यात निम्मे गुण हवेत, डिसेंबरअखेर सतरा वर्षं पूर्ण हवीत, सामाईक परीक्षेत पात्र हवं, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. शिवाय अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला, तोही त्यांच्याच नमुन्यात. शिवाय राष्ट्रीयत्वाचा. हिमानी भारतीय आहे अशी आमची समजूत होती. आता ती तहसीलदाराला पटवायची आहे.

सगळ्यांत क्रूर कलम पसंतीक्रमाचं. एमबीबीएस आणि डेंटल, दोन्हींची कॉलेजं एकाच यादीत क्रमाने लिहायची. पहिल्या फेरीत यादीतलं पहिलंच नाव मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून बाद. खालचं काही मिळालं तर वरच्याची वाट पाहायला मोकळीक आहे. पहिल्याला मात्र नकार नाही.

आमचे गुरुजी म्हणत, कावळ्याला दात किती आणि कोणत्या रंगाचे, याची चौकशी करू नये. निरर्थक शोधाला संस्कृतात काकदंतपरीक्षा म्हणतात. मी आज दिवसभर ती केली. हिमानीला समोर बसवून एकेक कलम फोडून सांगितलं. ती ऐकत होती आणि नेलकटरच्या कानशीने खडू घासत होती. वर्षभर हा चाळा आहे. फरशीवर सगळा भुगा. शेवटी तिने तो खडू माझ्या हातात दिला. रामटेकच्या गडावरच्या एखाद्या देवळाचं शिखर वाटलं. तसं म्हणालो.

"दाढ आहे, बाबा. तुम्ही उलटी धरली."

मग एकदम म्हणाली, "बाबा, आ करा. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं, अशी."

मी म्हणालो, "मी सदतिसावं कलम समजावून सांगतो आहे आणि तुला माकडचेष्टा सुचतात."

संध्याकाळी देवाजीच्या ठेल्यावर गेलो. एवढी पानं वाचल्यावर माणसाला खर्रा लागतोच. सुपारी, तंबाखू, चुना घेऊन देवाजी प्लास्टिकच्या तुकड्यात घोटू लागला की अर्धा शीण तिथेच जातो. माझा कमी चुन्याचा असतो. रुपराव भरपूर चुन्याचा खायचा, म्हणून त्याचं तसं झालं. रुपराव आमच्या पेपरचा फोटोग्राफर, माझा या ठेल्यावरचा जुना सोबती. गेल्या वर्षी त्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मला इथे एकट्याने उभं राहावं लागतं.

२३ जुलै, मंगळवार

दुर्गेशच्या आग्रहाखातर एका 'प्रवेश मार्गदर्शका'कडे गेलो. धरमपेठेत काचेचं ऑफिस, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, गल्ल्याजवळ गणपती. गणपती स्वतः एकदंत; या धंद्यात त्याला इतरांच्या दातांची काळजी वाहावी लागते आहे.

मार्गदर्शक पंचविशीचा, अंगाला अत्तराचा घमघमाट. हिमानीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. माझ्याशी हिंदीत बोलला, दुर्गेशशी वऱ्हाडीत, फोनवर इंग्रजीत, आणि तिन्ही भाषांत एकच गोष्ट बोलला.

"सर, डेंटल भूल जाइए. डेंटल मतलब लोग पूछेंगे, मेडिकल नहीं लगा क्या? सोसायटीत इज्जत एमबीबीएसले आहे. सीट मी बसवून देतो."

"अन् पोरीले काय पायजे ते?" दुर्गेशने विचारलं. एवढा एकच प्रश्न त्या ऑफिसात शहाणपणाचा विचारला गेला, आणि तो दुर्गेशने विचारावा याचं मला वाईट वाटलं.

"पोरीले काय समजते, भाऊ?"

हिमानी म्हणाली, "दादा, तुम्ही खर्रा खाता ना? गालात आतून पांढरे पट्टे पडले असतील. दाखवून घ्या एकदा."

तो ओशाळून हसला. हसतानाही तोंड त्याने जेमतेमच उघडलं. बाहेर आल्यावर मी तिला रागावलो: परक्या माणसाच्या तोंडात डोकावणं हा सभ्यपणा नव्हे.

ऑफिसात येऊन या दुकानदारीवर बातमी लिहितो म्हणालो. संपादकांनी पहिलं पान उलटून दाखवलं. पाऊण पान त्याचीच जाहिरात. मी थुंकायला खिडकीकडे गेलो.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दाखल्यांचा दिवस. सेतू केंद्राच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्याला लाल पिचकाऱ्या. देवांच्या तसबिरीसुद्धा लावल्या आहेत, त्यांच्याही नाकाडोळ्यांवर. शिसारी आली. माणसं आहेत की कोण? मी निदान खिडकीतून थुंकतो, खाली कोणी नाही हे बघून.

मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. बारावीनंतर एक वर्ष गेलं, त्या वर्षात उमेदवाराने दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नाही, असं शपथेवर सांगायचं. टायपिस्टने विचारलं, "मग वर्षभर काय करत होत्या मॅडम?"

"अभ्यास," मी म्हणालो.

"अन् रुपरावकाकाले दवाखान्यात नेत होती," हिमानी म्हणाली.

टायपिस्टने 'अभ्यास' टाइप केलं. ते बरोबरच झालं, पण तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. रुपरावच्या बायकोला, इंदूबाईला, गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला त्याला हिमानीच मागे बसवून न्यायची. मी तेव्हाही म्हणालो होतो, परोपकाराला सामाईक परीक्षेत गुण नाहीत. माझं कोण ऐकतं? मी स्वतः त्याला एकदाच भेटायला गेलो. इंदूबाई चमच्याने त्याला पातळ भात भरवत होती, तो बाजूने ओघळत होता. मला चहा पाजल्याशिवाय सोडीना ती. दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. पुन्हा जायचं राहून गेलं.

धडधाकट असल्याच्या दाखल्यासाठी डॉक्टरांनी हिमानीचं वजन, डोळे, कान तपासले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचा आवाज बसलाय का?"

"मुलीच्या प्रवेशाने," मी म्हणालो. डॉक्टर हसले. हिमानी हसली नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस. यादी मी आधीच कागदावर काढून ठेवली होती. वर खासगी एमबीबीएसची कॉलेजं, जवळची मग लांबची. ताटात डाव्या हाताला चिमूटभर मीठ वाढतात, तसं अगदी शेवटी इथलं सरकारी डेंटल.

हिमानी लॅपटॉप उघडून बसली. "बाबा, ते पहिल्या नंबराचं पुन्हा एकदा सांगा."

असं विचारलं की माझ्यातला पंतोजी जागा होतो. म्हणालो, "पहिला क्रमांक हा संकल्प आहे. मिळाला तर पाळायचा, मागे फिरता येत नाही. म्हणून जे मनापासून हवं तेच वर लिहावं. लोक काय म्हणतील ते खाली."

"नक्की?"

"शास्त्र आहे."

"मग तसंच भरते."

देवकी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, शेजारी बसा तिच्या. चूक नको व्हायला."

मी म्हणालो, एवढं समजावल्यावर चूक करील ती माझी मुलगी नव्हे. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. तो मी देवाजीच्या ठेल्यावरून ओरडून सांगितला. आमच्या गल्लीत आता तो सर्वांना माहीत आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पहिल्या फेरीची यादी.

"बाबा, मिळालं."

"कुठलं?"

"इथलं. सरकारी डेंटल."

शेवटच्या क्रमांकाचं पहिल्याच फेरीत मिळालं म्हणजे वरची सगळी गेली. असो, म्हटलं, खालचं मिळालं तर थांबता येतं, पुढच्या फेरीत पाहू. तेवढ्यात पडद्यावर 'पसंती क्रमांक' या शब्दांपुढे एकचा आकडा दिसला.

"यंत्राची चूक आहे," मी म्हणालो. "मी आत्ता बातमी करतो."

"यंत्राची नाही, बाबा. माझी पसंती आहे." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हीच म्हणाले ना, लोक काय म्हणतील ते खाली."

देवकी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, कळायला मार्ग नव्हता.

मुलीने हे का केलं? कारण उघड आहे. हिमानीला गाव सोडायचं नाही, आईच्या हातचं सोडायचं नाही. लाडाने आळशी झालेली मुलगी. आयुष्यभर लोकांच्या कुजक्या दाढांत डोकं घालून बसणार, त्यांचे वास घेणार, त्यांची थुंकी पुसणार. जगात दुसरी काही घाण उरली नव्हती? माझ्याच वाक्याने माझा गळा कापला, याचा राग वेगळा. दुर्गेशला फोन केला. तो म्हणाला, "आता काय करता, भाऊजी? पोट्टीनं तर कमाल केली." त्याच्या आवाजात कौतुक होतं. सगळे फितूर.

१ सप्टेंबर, रविवार

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रांसह कॉलेजात हजर राहायचं आहे. नाही राहिलं तर हा प्रवेश गेला, पुढच्या फेऱ्या गेल्या, आणि हिमानीचं आणखी एक वर्ष गेलं. हे मला समजतं. तरी मुंबईच्या प्रवेश कार्यालयाला एक अर्ज करून पाहणार आहे, की पहिली पसंती अजाणतेपणी भरली गेली, ती रद्द धरावी. उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम, असेल तिथे अपवाद असतोच; शोधावा लागतो.

कागदपत्रं माझ्या ऑफिसच्या टेबलात आहेत, साक्षांकित प्रती काढायला नेली होती. हिमानीने दोनदा मागितली. म्हणालो, आणतो. देवकीने विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"विचार," मी म्हणालो.

"तो तिने वर्षभर केलाय," देवकी म्हणाली आणि निघून गेली. हिला वाक्यं कुठून सुचतात कोण जाणे. संस्कृत मी शिकलो.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

पुरणपोळ्या तीन खाल्ल्या, दुधात कुस्करून. देवकीचा हात पुरणाला अजून पूर्वीसारखाच आहे. तिखटालाच काय झालं?

हिमानी म्हणाली, "बाबा, उद्या शेवटचा दिवस."

मी हसलो. उद्या तान्हा पोळा आणि मारबत. नागपुरात मारबतीला कलेक्टरची स्थानिक सुट्टी असते. कावळासुद्धा त्या दिवशी ऑफिसात जात नाही, इतवारीत मिरवणूक बघायला जातो. शेवटची तारीख सुट्टीला आली की ती पुढच्या दिवसावर जाते, हा जगाचा नियम.

"पण पुस्तिकेत लिहिलं आहे, सुट्टीतही प्रवेश सुरू राहतील."

"सुट्टी म्हणजे त्यांना ठाऊक असलेली सुट्टी," मी समजावलं. "मुंबईला मारबत काय ते माहीत नाही. जे माहीतच नाही, त्याबद्दल ते नियम कसा करतील? ते कलम इथे लागू नाही. बुधवारी बघू."

ती खूप वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. तर्कात खोट सापडली नसावी.

३ सप्टेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी ऑफिसात हजेरी लावून इतवारीत मिरवणुकीच्या बातमीला गेलो. जिकडे तिकडे माणसं. काळ्या मारबतीचा पुतळा पुढे गेलेला, पिवळीचा यायचा होता, मध्ये बडगे: कागद-कापडाचे मोठाले पुतळे, महागाईचे, खड्ड्यांचे, लाचखोरांचे. सगळ्या शहराची घाण त्यांच्या गळ्यात बांधून शहराबाहेर जाळायची. "घेऊन जा गे मारबत!" असा एकच गजर. प्रवेशपुस्तिकेचा बडगा कोणी केला नाही, एवढीच उणीव.

फुटपाथवर रुपराव दिसला. वर्षाने कॅमेरा गळ्यात. तोंडाला रुमाल बांधलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने मान हलवली. त्याचं बोलणं आता नीट कळत नाही, म्हणून आम्ही दोघं मिरवणूक बघत राहिलो.

कोणीतरी मागून माझा शर्ट ओढला. हिमानी. घामाने निथळत होती, ओढणी कमरेला बांधलेली.

"बाबा, फोन काहून नाही उचलत? मी सकाळपासून रांगेत आहे. कॉलेज सुरू आहे. आज शेवटचा दिवस आहे, उद्या नाही. मूळ कागद पाहिजे आणि पालकांची सही पाहिजे."

"मारबतीच्या दिवशी?"

"बाबा, मुंबईत आज मंगळवार आहे. फक्त मंगळवार."

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक असं, की एवढी घाई असेल तर ही नियतीची खूण समजावी, अजूनही दुसरा मार्ग आहे. ढोलताशात मलाच माझं ऐकू आलं नाही. रुपरावला मात्र आलं. त्याने माझी कॉलर धरली. दुसऱ्या हाताने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

मी दुसरीकडे पाहिलं. त्याने माझी मान वळवली. एका बाजूचा गाल आत गेलेला, जबडा नाही, ओठ तिरका शिवलेला, कोपऱ्यातून लाळ. तो बोलायला लागला. शब्द नव्हतेच, ओलसर आवाज होते. हिमानीला ते समजत होते. वर्षभर ऐकत होती.

"काका म्हणून राहिले, जा गा केशवा. माह्यावेळी तू आला नाही, आता तरी जा."

रुपरावने माझ्या वरच्या खिशात बोटं घातली, पुडी काढली आणि समोरून जाणाऱ्या पिवळ्या मारबतीच्या गाड्यावर फेकली. त्याला ओरडायचं होतं. ओरडणं फुटेना. तेव्हा हिमानी ओरडली, सगळा गळा लावून:

"बाबाचा खर्रा घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूच्या पोरांनी उचलून धरलं. "खर्रा घेऊन जा गे मारबत!" शंभर तोंडं, त्यातली निम्मी लाल. माझ्याही गालात त्या वेळी एक ऐवज होताच.

रस्ते बंद. गल्लीबोळांतून ऑफिस, टेबलाचा खण, फाइल, तिथून मेडिकल चौकातलं कॉलेज. स्कूटर तिने चालवली, मी मागे फाइल छातीशी धरून बसलो होतो. खिडकीवरच्या बाई कागद आवरत होत्या. हिमानीने एकेक दाखला पुढे केला: दहावी, बारावी, अधिवास, राष्ट्रीयत्व, मधलं वर्ष, धडधाकट. ज्या क्रमाने पुस्तिकेत आहेत त्याच क्रमाने, न बघता. मी तिला शिकवली ती पुस्तिका तिला माझ्याआधी पाठ होती की काय, कोण जाणे.

"पालक? नाव सांगा," बाई म्हणाल्या.

मी मान वर करून, ओठ मिटून, 'केशव' म्हणायचा प्रयत्न केला. खर्रा खाणारा माणूस जसा म्हणतो तसा.

"साहेब, आधी थुंकून या," बाई शांतपणे म्हणाल्या. "दातांचं कॉलेज आहे हे."

रांगेतले सगळे हसले. मी बाहेर जाऊन थुंकलो, चूळ भरली, आलो, सही केली. हिमानीचा प्रवेश झाला.

येताना पाहिलं, रुपरावची लाळ माझ्या बाहीवर वाळली होती. घरी आल्यावर मी शर्ट धुवायला टाकला नाही. अजून खुंटीला आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिनाचा मजकूर पाडून लवकर घरी आलो. दुर्गेशचा फोन. "मंग, दातवाली झाली म्हणा आमची पोट्टी! भाऊजी, माही वरची एक हलून राहिली. तिले कधी दाखवू?"

"पाच वर्षं हलू दे," मी म्हणालो.

जेवायला देवकीने माझ्यापुरती वेगळी भाजी केली होती. पहिल्या घासालाच झोंबली. चमचा ठेवला आणि म्हणालो, आजही तिखट टाकलंसच.

"त्यात तिखट नाही," देवकी म्हणाली. "काहीच नाही. उकडलेला दुधी आहे, मिठाचा."

मी पाणी प्यायलो. दोघी ताटाकडे बघत जेवत राहिल्या. दोघींना केव्हापासून माहीत आहे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

हात धुण्याच्या निमित्ताने मोरीचं दार लावून आरशापुढे उभा राहिलो. तीन बोटं उभी धरली. दोन गेली. तिसरं दातांशी अडलं. तिरकं करून पाहिलं, डाव्या हाताची घेऊन पाहिली, जबडा दुखेपर्यंत ताणला. अपवाद सापडला नाही. बॅटरी लावली तर गालाच्या आत पांढरट पट्टे, जुन्या जखमेसारखे ताठ. मला माझ्याच तोंडाची ओकारी आली. कावळ्याचे दात मोजणाऱ्याला हसावं, कारण ते नसतातच. माझ्या तोंडात जे होतं ते होतं, आणि उंबरठ्यापर्यंत येऊन मी दार लोटून घेत होतो.

बाहेर आलो. हिमानी टेबलाशी खडू घासत होती. वर न बघता म्हणाली, "किती?"

"कसलं किती?"

"उद्या आठला निघू. कॉलेजच्या ओपीडीत नंतर गर्दी होते."

मी शेवटची शंका काढून पाहिली. म्हणालो, "अजून तुझा पहिला तास व्हायचा आहे. तुला पेशंट आणण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली?"

"विद्यार्थिनी म्हणून नाही आणत, मुलगी म्हणून आणते," ती म्हणाली. "त्याला दाखला लागत नाही, बाबा. फक्त तोंड उघडावं लागते."